चौथ्या नंबरचं फळ

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याची नऊ फळं मोजून दिली आहेत. प्रीती, आनंद, शांती ही पहिली तीन. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ख्रिस्ती घरांत ही तिन्ही भरपूर पिकतात. प्रीती मागच्या गल्लीत राहते, आनंद वेकोलिच्या खाणीत ओव्हरमन आहे आणि शांती सिस्टर दवाखान्यातून रिटायर होऊन नातवंडं सांभाळतात. पाचवं फळ ममता. त्या तर आमच्या मंडळीत दोन आहेत आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. आठव्या सौम्यतेची आताशा सौम्या झाली आहे. मधलं चौथं फळ तेवढं राहून गेलं. सहनशीलता नावाची मुलगी मला दोन्ही जिल्ह्यांत अजून भेटलेली नाही. आईबापांनाही कळतं, कुठलं नाव पोरीला आयुष्यभर महागात पडेल ते.

दर गुरुवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा असते. गाणं झालं की प्रार्थनाविषय विचारतात. पोराची नोकरी, मुतखडा, शेतीचा दावा, नर्सिंगची ॲडमिशन, परवापासून न खाणारी म्हैस, सगळे विषय येतात. धीर मात्र कोणी मागत नाही. एका मावशींनी एकदा मागितला होता. "मले थोडी सहनशीलता भेटावी, एवढंच म्हणणं आहे," म्हणाल्या. सगळ्यांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. पुढच्या सोमवारी त्यांच्या विहीणबाई भिलाईहून गुडघ्याचं ऑपरेशन करून विश्रांतीला उतरल्या. येताना स्वतःचा तांदूळ घेऊन आल्या, कारण "तुमच्याकडचा भात मोकळा होत नाही." धानाच्या जिल्ह्यात येऊन हे वाक्य बोलायला वेगळ्याच प्रतीचा गुडघा लागतो. तेव्हापासून आमच्या सभेत हा विषय बंद आहे. देव प्रार्थना ऐकतो की नाही अशी शंका आमच्यात कोणालाच नाही. भीती आहे ती त्याचीच.

धीराचा उपदेश ऐकायला मात्र आम्ही तयार असतो आणि त्यात ईयोब ठरलेला. पाळकसाहेब हात जोडल्यासारखे करून सांगतात, बघा, गुरंढोरं गेली, पोरं गेली, अंगभर गळवं झाली, तरी माणूस ब्र काढत नाही. मागच्या बाकावर माना डोलतात. डोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ईयोबाचं पुस्तक दोन अध्यायांपलीकडे वाचलेलं नसावं. पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. त्यातल्या पहिल्या दोनांत ईयोब संयमाने बोलतो. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसालाच शिव्या घालतो आणि पुढे पानंच्या पानं देवाशी असा भांडतो, की तेवढं कोणी तहसील कचेरीत भांडलं तर शिपाई बाहेर काढतील. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी मुकाट बसतात. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी आजवर केलेलं हे सर्वांत चांगलं काम. मग ते तोंड उघडतात आणि सगळी माती करतात. 'तुझंच काहीतरी चुकलं असणार,' हे दवाखान्यात पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून बोलायचं वाक्य तेव्हापासून चालत आलं आहे. शेवटी देव बोलतो तेव्हा दटावतो या मित्रांना. त्यांना म्हणतो, बरोबर बोलला तो तक्रारखोर ईयोबच.

मला यावरून एक गोष्ट पटलेली आहे आणि आमच्या भागातली ख्रिस्ती माणसं न शिकता तीच पाळतात. कुरकुर करायची, मनसोक्त करायची, पण जागा सोडायची नाही.

याचा पुरावा हवा असेल तर उत्तम शुक्रवारी आमच्याकडे यावं. हा दिवस २० मार्च ते २३ एप्रिल यांच्यामध्ये कधीही पडतो. उशिरा पडला तर चंद्रपुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन, भर उन्हाच्या तीन तासांत, क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते. सात उद्गार, सात वक्ते, प्रत्येक उद्गारानंतर 'उपासना संगीत'मधलं एक गीत, तेही सगळ्या कडव्यांसकट. बहुतेकांचा उपास असतो. देवळात कूलर एकच. त्याच्यासमोरची तीन बाकं अकरा वाजताच भरतात. तिथे कोण बसतं हे मी लिहिणार नाही, पण मंडळीचा हिशेब त्यांच्याकडे असतो. बाकीचे डोक्यावर दुपट्टा, खिशात कांदा आणि हातात गेल्या नाताळची पत्रिका घेऊन बसतात. पत्रिका वारा घ्यायला.

पहिला उद्गार क्षमेचा. तो नेहमी निवृत्त हेडमास्तरांकडे असतो. ते रोमन साम्राज्यापासून सुरुवात करतात. खिळे किती लांबीचे होते, लाकूड कोणतं असावं, सागाचं का नसावं, असं करत करत क्षमेपर्यंत पोचायला त्यांना पस्तीस मिनिटं लागतात. तोवर मंडळीला क्षमा करण्यासारखं पुष्कळ साठलेलं असतं. दुसरा उद्गार तरुण संघाचा एक मुलगा आठ मिनिटांत उरकतो. त्याचं लग्न लवकर जमेल, असं बायका आपसांत ठरवतात. तिसऱ्याला महिला मंडळाच्या बाई उभ्या राहतात. मुलाच्या क्रुसाखाली उभी असलेली आई हा त्यांचा विषय, आणि त्या रडल्या की सगळं देऊळ रडतं. इथे घड्याळाकडे कोणी बघत नाही, हे मान्य केलं पाहिजे. चौथ्याला सेमिनरीत शिकणारा कोणी पाहुणा असतो. तो मूळ अरामी शब्द तीन वेळा म्हणून दाखवतो आणि प्रत्येक वेळी उच्चार वेगळा असतो.

पाचवा उद्गार तहानेचा.

एका वर्षी तो एका बँकवाल्या भाऊंकडे आला. दोन वाजून गेले होते आणि लाइट नुकतीच गेली होती. दुर्गापूरजवळच्या आमच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्या विजेवर कुठे कुठे पंखे फिरत असतील ते असोत, आमचे थांबले होते. भाऊ उभे राहिले. पुलपिटावर वक्त्यासाठी स्टीलचा पेला ठेवलेला असतो, वर बशी झाकलेली. त्यांनी बशी बाजूला केली, पेला उचलला, मान मागे टाकून निम्मा रिकामा केला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "प्रियांनो, तहान म्हणजे काय, हे आपल्याला काय कळणार?" दीड-दोनशे उपाशी माणसं त्या पेल्याकडे बघत होती. भाऊ सात-आठ मिनिटं बोलले आणि त्यांचा हात पुन्हा पेल्याकडे गेला. तेव्हा खिडकीशी बसलेल्या एका म्हातारीने, जिने त्यांना चड्डीत पाहिलं आहे, मोठ्याने सांगितलं, "पेऊन घे बापू, सारं पेऊन घे. तुझं झालं का आमचं होईल."

सहावा उद्गार 'झालं, पुरं झालं' अशा अर्थाचा आहे. तो नुसता जाहीर झाला तरी बाकांवर हालचाल सुरू होते, चपला चाचपल्या जातात. पण सहाव्याचे वक्ते त्यातला 'पूर्ण' हा विचार फार गांभीर्याने घेतात. सातव्याच्या वेळी मंडळी इतकी शरण गेलेली असते, की तो उद्गार समजावून सांगावाच लागत नाही.

सव्वातीन-साडेतीनला सगळे बाहेर पडतात. आवारातल्या कडुनिंबाखाली सरबताचा माठ असतो आणि सरबताबरोबर कुरकुर. पुढच्या वर्षी चारच वक्ते ठेवा. हेडमास्तरांना सातवा द्या, म्हणजे लोकांना उठून जाता येईल. पेला ठेवूच नका. मी कितीतरी वर्षं हे ऐकतो आहे. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. एवढ्या वर्षांत मधूनच उठून घरी गेलेला माणूस मला दिसलेला नाही. म्हाताऱ्या बायाही शेवटच्या आमेनपर्यंत बसतात. पुढच्या वर्षी पुन्हा येतात, खिशात नवा कांदा घेऊन.

याउलट माझा पुण्याचा साडू. एकदा रविवारी त्याला उपासनेला नेलं तर उपदेशाच्या विसाव्या मिनिटाला त्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद पडलं की काय म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच माणूस मोहर्ली गेटवर सगळ्यांच्या आधी हजर. हजारो रुपये भरून, खड्ड्याखड्ड्यांतून आपटत, ताडोब्यातल्या एका पाणवठ्याशी जिप्सीत तो तासन् तास बसला. खोकला आला तो गिळला. डास चावला त्याला चावू दिला. वाघ आला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "काय शांत वाटलं रे! माणसाने असं नुसतं बसायला शिकलं पाहिजे." मी म्हटलं, मंगळवारी ताडोबा बंद असतो, उद्या आमच्याकडे बायबल अभ्यास आहे, येतोस का? त्याला पुण्यात काम निघालं.

जंगलाच्या कडेच्या गावांत वाघाची वाट कोणी बघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकतो, आणि तो पहाटेच वेचावा लागतो, उशीर झाला तर जनावरं खातात. ब्रह्मपुरीच्या बाजूला या मोसमात मोहाला किंवा तेंदूपत्त्याला गेलेली बाई घरी परतेपर्यंत घरातले सगळे रस्त्याकडे डोळे लावून असतात. कधी कधी ती परतत नाही. त्या गावांत धीराविषयी उपदेश करायला उभं राहण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा. यावर विनोद होत नाही, म्हणून पुढे जातो.

धीराची आणखी एक शाळा आमच्या भागात केरळातून आली. १९६२ साली रोमने सिरो-मलबार चर्चकडे चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, मुलूख सोपवला. केरळाबाहेर त्यांना मिळालेलं हे पहिलं मिशन. कार्मेलाइट फादर इकडे उतरले, बल्लारपूर हे मुख्य ठाणं झालं आणि १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. नारळाच्या, पावसाच्या, बॅकवॉटरच्या प्रदेशातली ही माणसं कोळशाच्या आणि बांबूच्या प्रदेशात आली. मराठी शिकायची म्हटलं तर मल्याळममध्ये क्रियापदाला लिंग नसतं आणि आमच्याकडे दगडालाही असतं. पुस्तकातली मराठी कशीबशी जमेपर्यंत गावात झाडीबोली भेटली आणि आत गेल्यावर गोंडी आणि माडिया. अशा एका फादरांचा फोन मी स्वतः ऐकला आहे. पावसाळ्याचे दिवस होते, मिस्सा सांगायला ते एका आतल्या गावी निघाले होते. "हॅलो, माझा गाडी चिखलात बसली आहे. तो येत नाही. म्हणून मी पण येत नाही. तुम्ही गाणी चालू ठेवा." गावाने गाणी चालू ठेवली. फादर संध्याकाळी बैलगाडीतून आले आणि सकाळची मिस्सा रात्री आठला झाली. गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, कंटाळा नाही आला? तो म्हणाला, "येनार म्हनले होते. आले." त्याच्या लेखी प्रश्न मिटला होता.

भामरागडकडे तर पावसाळ्यात हा गुण माणसांपेक्षा नद्याच शिकवतात. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की तालुका तुटतो. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. त्या पाण्यावर रागावून काहीच होत नाही हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. बाहेरून आलेला अधिकारी मात्र पहिल्या वर्षी फोन फिरवत काठावर येरझाऱ्या घालतो.

याकोबाच्या पत्रात धीराचा दाखला म्हणून शेतकरी दिला आहे, आधीच्या आणि नंतरच्या पावसाची वाट बघणारा. हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. पऱ्हे टाकून झालेत, बांधीत चिखल नाही, रोवणी अडली आहे आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाचा तळ दिसतो आहे, असं जुलै महिन्यात एकदा तरी होतंच. पण मला विचाराल तर याकोबाच्या पत्रावर बोलायला नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांपेक्षा चांगला दाखला नाही. ते ख्रिस्ती नव्हते, म्हणून काय झालं? १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात दोन-चार वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. असं काही वर्षं चाललं. त्यातून जो बारीक, सुगंधी, भरघोस तांदूळ निघाला, त्याला लोकांनी नाव दिलं एचएमटी, त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून. घड्याळाकडे न बघता काम करणाऱ्या माणसाच्या तांदळाला घड्याळाचं नाव! दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले. त्या तांदळाचा पैसा त्यांच्यापेक्षा दुसऱ्यांनीच जास्त केला. भिलाईच्या विहीणबाईंनी सोबत आणलेला तांदूळ कोणता होता, हे मी मुद्दाम चौकशी करून आलो. एचएमटीच होता.

आता वक्ते कमी करण्याच्या प्रस्तावाकडे वळतो. तो आमच्या पंचकमिटीपुढे रीतसर मांडला गेला आहे. कमिटीच्या वेगावर टीका करण्याआधी आमचं घराणं समजून घेतलं पाहिजे. उत्तर भारतातल्या प्रोटेस्टंट पंथांनी एक व्हावं म्हणून पहिली गोलमेज बैठक लखनौला भरली १९२९ साली. बिशप असावा का, असला तर त्याने काय करावं, बाप्तिस्मा तान्ह्या लेकराला द्यावा की कळत्या माणसाला, यावर बोलणी सुरू झाली. बोलणी चालू असताना महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, आमचा भाग मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात, तिथून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात गेला, चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि तान्ही असताना ज्यांच्या बाप्तिस्म्यावर वाद होता ती माणसं आजोबा झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा पंथ एकत्र आले. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट इतकी वर्षं बोलणी करून ऐन वेळी बाहेर राहिले. ४१ वर्षं! या काळात किती बिशपांनी किती चहा प्याला असेल आणि परत जाताना गाडीत एकमेकांविषयी काय काय म्हटलं असेल, त्याची नोंद नाही. पण पुढच्या बैठकीला ते आले. आमच्या रक्तात हे आहे. चार महिन्यांत निर्णय होत नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव याबाबतीत आमच्या पुढे आहे. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, नाही झालं तर पुन्हा बसायचं. असं बसून बसून त्यांनी गावच्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही. आम्हाला साताचे चार वक्ते करता आलेले नाहीत. फरक एवढाच, की त्यांच्या सभेत सगळे आतच बोलून घेतात आणि आमच्याकडे खरी सभा सरबताच्या माठाशी भरते.

तरी आशा सोडू नये. अब्राहामाला वचन मिळालं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. मधे सारा तंबूच्या दाराआड उभी राहून हसली, असं उत्पत्तीच्या पुस्तकात स्पष्ट नमूद आहे. गडचिरोलीत वडसा-गडचिरोली रेल्वेचा विषय काढला की पानठेल्यावरची माणसं तशीच हसतात. जिल्हा झाला १९८२ साली, अंतर जेमतेम बावन्न किलोमीटर, मंजुरीला दशक उलटून गेलं, काम सुरू आहे. हसणाऱ्या सारेलाही देवाने मुलगा दिलाच, तेव्हा पानठेलेवाल्यांनाही तिकीट मिळेल.

प्रस्ताव पंचकमिटीच्या पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. हेडमास्तर अध्यक्ष असल्याने तो एकमताने ढकलला गेला. म्हणजे येत्या उत्तम शुक्रवारीही सात उद्गार, सात वक्ते आणि दुपारी बाराची वेळ कायम. यंदा तुमच्यापैकी कोणाला आमच्याकडून पाचव्या उद्गारावर बोलायचं आमंत्रण आलं, तर नाही म्हणू नका, आनंदाने या, हवं तितका वेळ बोला. फक्त पाणी घरून पिऊन या.